वंशावळ कोणी दाखवायची?

बायबल वाचायला घेणारे बहुतेक लोक एकाच ठिकाणी अडतात, ते म्हणजे नावांच्या याद्या. उत्पत्तीच्या पुस्तकाचे पाचवे, दहावे आणि अकरावे प्रकरण. इतिहासाच्या पहिल्या पुस्तकातली पहिली नऊ प्रकरणे तर जवळपास नावांचीच आहेत. नवा करार उघडावा तर मत्तयची सुरुवातही यादीनेच. ख्रिस्ती वाचक पाने उलटून पुढे जातो. आपल्याकडचा मुनाजिरा करणारा मात्र तिथे थांबतो, तोही चुका मोजायला. आणि ज्याला कुळाची घमेंड आहे तो म्हणतो, बघा, देवानेसुद्धा खानदान पाहिले.

वाचकहो, या तिघांचेही वाचन चुकीचे आहे असे मला वाटते. आणि या चुकीची किंमत चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलातली माणसे आज जमिनीने मोजत आहेत. शेवटचे वाक्य काहींना ओढून ताणून आणलेले वाटेल. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी माझी बाजू स्पष्ट करतो. मी मुसलमान आहे. बायबलचा आजचा पाठ आणि कुरआन यांत जिथे फरक आहे, तिथे माझे इमान कुरआनवर आहे. पण तौरात आणि इंजील यांच्याकडे पाठ फिरवा, असे आपल्याला कोणी शिकवलेले नाही. आणि ही कथा मराठीला परकीही नाही. फादर स्टीफन्स यांचे क्रिस्तपुराण १६१६ चे आहे. पंडिता रमाबाईंनी तर मूळ भाषा शिकून आख्खे बायबल सोप्या मराठीत आणण्यासाठी आयुष्याची कित्येक वर्षे घातली. मराठी शिकवणाऱ्या माणसाने हे वाचायचे नाही तर काय वाचायचे?

यादी म्हणजे पावती

उत्पत्तीच्या सतराव्या प्रकरणात ह. इब्राहीम (अ.) यांना ह. इस्माईल (अ.) यांच्याविषयी एक वचन मिळते. त्याला मी वाढवीन, त्याच्यापासून बारा सरदार होतील, अशा अर्थाचे. पुढे बरेच काही घडते. हाजराबीबी आणि मुलगा वाळवंटात काढून दिले जातात, पाणी संपते, आई पोराला झुडपाखाली ठेवून दूर जाऊन बसते. वचनाचे काय झाले, असा प्रश्न कोणालाही पडावा. त्याचे उत्तर पंचविसाव्या प्रकरणात येते आणि ते एका यादीत येते. नबायोथ, केदार, अदबील, मिबसाम असे करत करत बारा नावे. मोजून बारा. एकही कमी नाही.

हीच ती कंटाळवाणी यादी. सतराव्या प्रकरणात जे देणे कबूल केले होते, ते चुकते केल्याची ही पावती आहे. आता नीट पाहा, ही पावती कोणाची परीक्षा घेते? इस्माईलच्या मुलांची नाही. त्यांना कोणी विचारले नाही की तुम्ही खरेच इब्राहीमचे नातू आहात का, पुरावा आणा. हिशेब वचन देणाऱ्याचा तपासला जात आहे. बारा म्हणाला होता, बारा दिले का?

पंधराव्या प्रकरणात हे आणखी उघड होते. त्या काळी करार करताना जनावरे मधोमध चिरून समोरासमोर ठेवत आणि करार करणारे त्यांच्यामधून चालत जात. अर्थ साधा होता, वचन मोडले तर माझीही हीच गत होवो. बायबल सांगते की त्या संध्याकाळी इब्राहीम गाढ झोपेत होते. तुकड्यांमधून गेले ते फक्त धूर आणि आग, म्हणजे देवाच्या उपस्थितीची खूण. ज्याला द्यायचे त्याला चालायला लावलेच नाही. सगळा बोजा देणाऱ्याने आपल्यावर घेतला.

बायबलमधल्या सगळ्या वंशावळी या रात्रीनंतर वाचायच्या आहेत. पिढ्या जातात, माणसे मरतात, गुलामी येते, देश बुडतो, आणि यादीत पुढचे नाव येते. पुढचे नाव आले याचा अर्थ वचन अजून जिवंत आहे.

चुका मोजणाऱ्यांना

आता आपल्या मुनाजिरावाल्यांकडे वळू. मत्तयने युसुफच्या बापाचे नाव याकोब दिले, लूकने एली दिले. मत्तय चौदा-चौदा-चौदा असे तीन गट करतो, पण योरामनंतर थेट उज्जीयावर येतो आणि अहज्या, योवाश, अमस्या हे तीन राजे गाळतो. हे खरे आहे. ज्यांना यातून सभा जिंकायच्या आहेत त्यांनी खुशाल जिंकाव्यात. पण मत्तय काही तलाठी नव्हता आणि त्याची यादी काही फेरफार नोंदवही नव्हती.

तो काय करत होता ते त्याने गाळलेल्या नावांपेक्षा ठेवलेल्या नावांतून कळते. एक गट इब्राहीमपासून दावूदपर्यंत. दुसरा दावूदपासून बाबेलच्या बंदिवासापर्यंत. तिसरा तिथून पुढे. म्हणजे राज्य मिळाले तो दिवस आणि राज्य गेले तो दिवस, दोन्ही खुणा त्याने यादीत ठोकल्या आहेत. पराभव लपवलेला नाही. आणि बापांच्या त्या यादीत त्याने येशूची आई मरीयेच्या आधी चार बायका घातल्या. तामार, राहाब, रूथ आणि उरीयाची बायको. खानदानाची इभ्रत दाखवणाऱ्याने ही नावे आधी खोडली असती.

रूथचेच घ्या. ती मवाबी. मवाबी माणसाला दहाव्या पिढीपर्यंत इस्राएलच्या मंडळीत प्रवेश नाही, असा अनुवादाच्या पुस्तकात नियम आहे. ती विधवा, परक्या मुलखातली, सासूबरोबर बेथलेहेमला आलेली, जवाच्या शेतात कापणाऱ्यांच्या मागे सरवा वेचून पोट भरणारी. आणि तिच्या नावाच्या पुस्तकाचा शेवट कशाने होतो? दहा नावांच्या वंशावळीने, जिचे शेवटचे नाव दावूद. ज्या यादीत तिला दहा पिढ्या जागा नव्हती, त्या यादीतल्या राजाची ती पणजी निघाली. सरवा वेचण्याच्या हक्कावर जगणारी बाई वचनाच्या मधोमध बसवली आहे. ही यादी लोकांना बाहेर ठेवण्यासाठी केलेली असती, तर रूथ तिच्यात आली नसती.

कुळाची घमेंड असणाऱ्यांना

तिसऱ्या वाचकाला कुरआननेच उत्तर दिले आहे. सूरह बकरात इब्राहीम (अ.) यांना लोकांचा इमाम करण्याची घोषणा होते, तेव्हा ते लगेच विचारतात, आणि माझी संतती? उत्तर मिळते की माझा अहद जुलमी लोकांपर्यंत पोहोचत नाही. बापाचा प्रश्न स्वाभाविक होता आणि उत्तर कडक होते. वंश हे वचनाचे भांडे आहे. भांडे कलंडले तर त्याच्या नक्षीचा काय उपयोग? इंजीलमध्ये ह. याह्या (अ.) नदीकाठी हेच सांगतात, इब्राहीम आमचा बाप आहे अशी शेखी मिरवू नका, देव या दगडांतूनही त्याला लेकरे देऊ शकतो.

आणि आपण काय करतो? भिंतीवर शजरा टांगतो. आम्ही सय्यद, आम्ही पठाण, ते खाटीक, ते पिंजारी, असे म्हणून सोयरीक मोडतो. हुजुरात सूरहने टोळ्या आणि जमाती एकमेकांना ओळखण्यासाठी आहेत असे सांगितले. आपण त्या एकमेकांना नाकारण्यासाठी वापरल्या. मग सरकारी कचेरी वंशावळीने माणूस नाकारते तेव्हा तक्रार कोणत्या तोंडाने करायची? तक्रार करायचीच आहे, पण आधी घरातला शजरा भिंतीवरून उतरवून.

आता जंगलाकडे

उर्दूत शजरा म्हणजे झाड. त्याच शब्दाने वंशवृक्षही ओळखला जातो आणि उत्तर हिंदुस्थानातल्या पटवाऱ्याच्या दप्तरातला गावचा नकाशाही. माणसाचे मूळ आणि जमिनीचा तुकडा यांना एकच शब्द. आमच्या दोन जिल्ह्यांत हा योगायोग राहिलेला नाही, तो कायदा झाला आहे.

डिसेंबर २००६ मध्ये संसदेने वनहक्क कायदा केला. त्याच्या प्रस्तावनेत सरकारने स्वतः कबूल केले की जंगलात राहणाऱ्यांवर ऐतिहासिक अन्याय झाला आहे आणि तो दूर करायचा आहे. देशाच्या संसदेने दिलेले हे वचन आहे. मराठी ख्रिस्ती ज्याला करार म्हणतात आणि उर्दू ख्रिस्ती अहदनामा म्हणतात, त्याच जातीचे. देणारा बलवान, घेणारा कमजोर, आणि देणाऱ्याने आपण होऊन शब्द दिलेला.

या वचनाचे दोन भाग आहेत. अनुसूचित जमातीच्या माणसाची जमीन १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून ताब्यात असली की पुरे. बाकीच्यांना कायदा इतर पारंपरिक वननिवासी म्हणतो. त्यात ढिवर आले, माळी, कुणबी, तेली आले, बौद्ध आले, मुसलमान आले. त्यांनी त्या तारखेच्या आधीच्या तीन पिढ्या त्याच जंगलात राहून जंगलावर जगल्याचे दाखवायचे. पिढी म्हणजे २५ वर्षे, असे कायद्यानेच ठरवले. म्हणजे ७५ वर्षे. म्हणजे १३ डिसेंबर १९३०.

१९३० साली या मुलखात काय होते ते आठवा. गडचिरोली जिल्हा नव्हताच, तो २६ ऑगस्ट १९८२ ला झाला. सगळा मिळून चांदा जिल्हा, त्यात मालगुजारांची गावे आणि मोठमोठ्या जमीनदाऱ्या. राजुऱ्याकडचा भाग तर निजामाच्या हैदराबाद संस्थानात, तिथले महसुली कागद उर्दूत. ज्याने जमीनदाराच्या जंगलात तोंडी बोलीवर चार बांध्या काढल्या, मोहफूल वेचले, बोडीत मासे धरले, त्याचे नाव कोणत्या दप्तरात लागणार? आणि १९३० हेच ते वर्ष, ज्या वर्षी मध्यप्रांत-वऱ्हाडात लोकांनी जंगल सत्याग्रह केला, राखीव जंगलातले गवत कापून कायदा मोडला. त्या काळात गरिबाचे नाव जंगल खात्याच्या कागदावर आलेच तर बहुधा गुन्हेगार म्हणून आले. आजोबाला झालेल्या दंडाची पावती हाच आज नातवाचा सगळ्यात पक्का पुरावा ठरतो. यापेक्षा कडू विनोद मला माहीत नाही.

आमच्याकडे अशा शेतीला जबरानजोत म्हणतात. उर्दू येणाऱ्याला हा शब्द टोचतो. जबरन म्हणजे बळजबरीने. बळजबरीने कसलेली जमीन. अहो, बळजबरी कोणी कोणावर केली, हेच तर प्रस्तावनेत सरकारने कबूल केले आहे! तरी शब्द तोच चालू आहे आणि कसणाऱ्याच्या कपाळावर तोच चिकटलेला आहे.

नियमात वंशावळ आहे, टेबलावर नाही

कायद्याच्या नियमांत पुरावे कोणते चालतील याची यादी आहे. ही यादी प्रत्येक शिकलेल्या माणसाने वाचावी. जुने गॅझेटिअर, जनगणना, बंदोबस्ताचे अहवाल आणि नकाशे. मतदार ओळखपत्र, रेशनकार्ड, घरटॅक्सची पावती. घर, झोपडी, बांध. संस्थानांचे आणि जमीनदारांचे कागद. जुन्या विहिरी, स्मशानभूमी आणि दफनभूमी, देवस्थाने. जुन्या नोंदीत ज्यांची नावे आहेत, किंवा जे पूर्वी गावचे रहिवासी म्हणून मानले गेले, त्यांच्यापर्यंत पोहोचणारी वंशावळ. आणि दावेदार सोडून गावातल्या इतर वडीलधाऱ्यांचे लिहून घेतलेले जबाब. समित्यांनी अमुकच कागद आणा असा हट्ट धरू नये, हेही २०१२ च्या दुरुस्तीत घातले आहे.

वंशावळीच्या कलमात ते 'किंवा' का आहे, याचा विचार करा. ज्याचे नाव कोणी लिहिलेच नाही, त्याच्यासाठी ते 'किंवा' आहे. गावाने मानले होते, एवढे पुरे. नियम करणाऱ्याला माहीत होते की १९३० चा कागद गरिबाकडे नसणार. म्हणून त्याने विहीर चालवली, कबर चालवली, म्हाताऱ्याची आठवण चालवली.

पण दावा वरच्या टेबलावर गेला की ते 'किंवा' गळून पडते. वंशावळ जोडली तर विचारतात, यातल्या पणजोबाचे नाव सरकारी कागदावर दाखवा. म्हाताऱ्यांचा जबाब जोडला तर म्हणतात, ही तोंडी गोष्ट. मग दाव्यावर शेरा पडतो, तीन पिढ्यांचा पुरावा नाही, अमान्य. असे शेरे मी वाचले आहेत. माझ्याकडे लोक कागद वाचून घ्यायला येतात, राजुरा-कोरपन्याकडचे उर्दूतले असतील तर हमखास. २०२३ मध्ये मराठवाड्यात कुणबी नोंदी शोधण्यासाठी सरकारने न्यायमूर्ती शिंदे समिती नेमली, तेव्हा जुनी उर्दू आणि मोडी वाचणाऱ्यांना एकदम किंमत आली. चांगले झाले. पण ज्या नोंदीसाठी सरकारला शोध घ्यावासा वाटला, तिथे सरकारने दप्तरे स्वतः उघडली. ढिवराच्या आणि बौद्धाच्या तीन पिढ्यांसाठी मात्र दप्तर त्यानेच शोधावे, नक्कल त्यानेच काढावी, भाषांतर त्यानेच करून आणावे, आणि मजुरीचे दिवसही त्यानेच बुडवावे. हा कोणता न्याय?

आणि अमान्य या शब्दाने काय होऊ शकते, हे २०१९ मध्ये दिसले. १३ फेब्रुवारीला सर्वोच्च न्यायालयाने दावे फेटाळलेल्यांना जंगलातून काढण्याचा आदेश दिला. देशभर लाखो कुटुंबांच्या पोटात गोळा आला. २८ फेब्रुवारीला त्याच न्यायालयाने तो आदेश थांबवला. मधल्या पंधरा दिवसांत माणसाचे घर आणि रस्ता यांच्यामध्ये उरला होता तो फक्त एक शेरा.

सहाशे बावन्न

कोणी म्हणेल, गुरुजी, बायबलमध्येसुद्धा वंशावळ न सापडलेल्यांना बाजूला काढले होते. बरोबर आहे. हाच माझ्याविरुद्धचा सगळ्यात मजबूत दाखला आहे, म्हणून तो नीट पाहू.

बाबेलहून परतलेल्या लोकांची यादी एज्राच्या दुसऱ्या प्रकरणात आहे. तिथे याजकांची तीन घराणी आपली नोंद शोधतात आणि ती सापडत नाही. त्यांना याजकपणातून दूर ठेवले जाते. पण किती काळ? देवाचा कौल घेणारा याजक उभा राहीपर्यंत. दावा कायमचा फेटाळला नाही, निर्णय राखून ठेवला. आणि दूर ठेवले ते पवित्र अन्नापासून. गावापासून नाही, जमिनीपासून नाही.

त्याच्याच आधी, त्याच प्रकरणात, आणखी काही लोक आहेत. दलाया, तोबीया आणि नकोदा यांचे वंशज. त्यांना आपले घराणे इस्राएलचेच आहे हे दाखवता आले नाही. त्यांची संख्या ६५२ लिहिली आहे. मी हे पहिल्यांदा वाचले तेव्हा पुढच्या ओळीत त्यांना परत पाठवल्याचे वाचायला मिळेल, असे वाटले. तसे काही नाही. पुरावा नाही असे लिहून ठेवले आणि तरीही परतणाऱ्यांच्या यादीत त्यांना घेतले. पुरावा नसलेल्यांची नोंद यादीच्या बाहेर नाही, यादीच्या आत आहे.

का घेतले? कारण सत्तर वर्षांचा बंदिवास त्यांनी मागून घेतलेला नव्हता. शहर जळाले, दप्तरे जळाली, लोक हाकलले गेले. ज्याची कागदपत्रे आपत्तीत गेली, त्याच्याकडेच कागद मागायचे आणि नाहीत म्हणून त्याला नाकारायचे, एवढी निर्लज्जता त्या यादी करणाऱ्याकडे नव्हती. आमच्या समित्यांच्या टेबलावर एज्राचे ते एक प्रकरण ठेवावे असे मला फार वाटते.

मराठी बोलणारे इब्राहीमचे वंशज

हा प्रश्न फक्त पोथीतला नाही. आपल्या कोकणातले बेने इस्राएल पाहा. मराठी बोलणारे यहुदी, शनिवारी घाणा बंद ठेवतात म्हणून शनवार तेली म्हणून ओळखले गेलेले. जहाज फुटून नवगावच्या किनाऱ्याला लागलेली सात जोडपी आपले पूर्वज, असे ते सांगतात. लिखित वंशावळ नाही. आडनावे गावांवरून आलेली, पेणकर, नवगावकर, दिवेकर, केहिमकर. पण खतना टिकली, शनिवार टिकला, एका देवाची प्रार्थना टिकली.

ते इस्रायलला गेले आणि तिथे १९६२ मध्ये धर्मपीठाने त्यांच्या लग्नांसाठी फर्मान काढले की आई-आजीकडून जितक्या मागे जाता येईल तितक्या पिढ्यांची चौकशी करा. म्हणजे ज्या वचनाच्या ओढीने ही माणसे अलिबाग-पेण सोडून गेली, त्याच वचनाच्या दारात त्यांना वंशावळ विचारली. ती मराठी माणसे गप्प बसली नाहीत. जेरुसलेमला धरणे धरले. ऑगस्ट १९६४ मध्ये इस्रायलच्या संसदेला जाहीर करावे लागले की बेने इस्राएल हे सर्व अर्थांनी यहुदी आहेत, आणि धर्मपीठाला आपले फर्मान बदलावे लागले. कागदाने जे सिद्ध होत नव्हते ते जगण्याने सिद्ध होते, हे त्यांना मान्य करावे लागले. आमच्या वनहक्क नियमातली विहीर, कबर आणि म्हाताऱ्याचा जबाब म्हणजे दुसरे काय आहे?

एक आक्षेप

वनाधिकारी आणि काही आदिवासी कार्यकर्तेही विचारतील, अट सैल केली तर बाहेरचे धनदांडगे जंगल गिळतील, त्याचे काय? हा प्रश्न खोटा नाही. गैरआदिवासींनी आदिवासींच्या जमिनी बळकावल्याचा इतिहास आपल्याच जिल्ह्यांत आहे. तीन पिढ्यांची अट त्याच भीतीतून आली आहे, आणि ती काढा असे मी म्हणतच नाही.

मी म्हणतो ते इतकेच, की अट आहे तशी वाचा. कायद्याने पहिला निवाडा ग्रामसभेकडे दिला आहे. कोणाचा आजा इथे मेला, कोणाची आजी या विहिरीवर पाणी भरत होती, कोण परवा जेसीबी घेऊन आला, हे गावाला माहीत असते. धनदांडग्याला कागद मिळवायला अडचण येत नाही, त्याला वकील असतो. कागदाच्या हट्टाने तो अडत नाही. अडतो तो गरीब. गोंडांच्या वंशगाथा परधानांनी पिढ्यान्‌पिढ्या गाऊन जपल्या. लिहिलेले तेवढेच खरे असे धरले तर उद्या त्यांच्याही इतिहासाला टेबलावर जागा राहणार नाही. म्हणून हा वाद आदिवासी विरुद्ध इतर असा होऊ देण्यात कोणाचाच फायदा नाही.

आणि वचन पाळले की काय होते, हे पाहायला लांब जायला नको. धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखाला २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. २०११ मध्ये त्यांचा बांबू त्यांच्याच ग्रामसभेच्या पासावर बाहेर पडू लागला. गोंडपिपरी तालुक्यातल्या पाचगावला २०१२ मध्ये हजारावर हेक्टरचा हक्क मिळाला आणि बांबूची मजुरी गावातच राहू लागली. जंगल संपले नाही. ज्यांच्यावर विश्वास टाकला त्यांनी राखले.

मग करायचे काय?

आपल्यातल्या शिकलेल्यांनी दोन-तीन कामे करावीत. गावातल्या म्हाताऱ्यांचे जबाब ते जिवंत आहेत तोवर लिहून घ्या. वंशावळ लिहाल तेव्हा त्यात आजी, पणजी, लेकी यांची नावे घाला. गणनाच्या पुस्तकात सलाफहादच्या पाच मुलींनी बापाच्या नावाची जमीन मागितली आणि त्यांचे म्हणणे रास्त ठरले. आपला कायदाही पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावे द्यायला सांगतो. कब्रस्तान, स्मशान, जुनी विहीर यांचा पंचनामा ग्रामसभेकडून करून घ्या. दावा फेटाळला तर कारण लेखी मागा आणि साठ दिवसांत वरच्या समितीकडे जा. दावा पूर्ण तपासून होईपर्यंत कोणालाही जमिनीवरून काढता येत नाही, हे घरोघरी सांगा. आणि उर्दू, मोडी येत असेल तर शेजाऱ्याचा कागद फुकट वाचून द्या. जात विचारून नव्हे.

सरकारी टेबलामागे बसलेल्या आपल्या शिकलेल्या बांधवांना माझे एकच सांगणे आहे. वंशावळी वचन देणाऱ्याचा हिशेब तपासण्यासाठी लिहिल्या गेल्या. २००६ ला वचन सरकारने दिले. प्रस्तावनेत अन्यायाची कबुली सरकारने दिली. १९३० चे दप्तर सरकारजवळ आहे. तेव्हा ते उघडायचे, शोधायचे आणि दाखवायचे कामही सरकारचे आहे. ढिवराच्या म्हातारीला पणजोबाचे नाव विचारण्याआधी तिला हे विचारू द्या की कबूल केलेली जमीन कुठे आहे, आणि पावती कुठे आहे?